माळकरी, जैन मंडळींत आहाराचा वर्ग घ्यायचाय? आधी पंचांग उघडा

माझा पहिला वर्ग एका जैन स्थानकात (साधू-साध्वी उतरतात, प्रवचनं होतात ती जागा) होता, पर्युषणाच्या आधी पंधरा दिवस, समोर चाळीसेक बायका, आणि मी नुकतीच डाएटिशियनचं शिकून बाहेर पडलेली त्यामुळे उत्साह असा की विचारू नका. सुरुवातीलाच सांगून टाकलं की रोज वाटीभर मोड आलेले मूग घ्या, त्यात दही कालवा, वरून गाजर किसा, झालं प्रोटीन! पहिल्या रांगेतल्या एक आजी हसल्या आणि म्हणाल्या, "बाळ, एका वाटीत तीन दोष घातलेस गं." मोड आलेलं कडधान्य त्यांच्याकडे अनंतकाय (एका शरीरात अनंत जीव असलेलं) म्हणून चालत नाही, कच्चं दही आणि कडधान्य एकत्र म्हणजे द्विदल, आणि गाजर तर सरळ कंदमूळ. त्यानंतरचा पाऊण तास मी काय बोलले ते कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

तर हे लिहितेय ते अशा वर्गांची पहिल्यांदा तयारी करणाऱ्यांसाठी, म्हणजे आहारशास्त्राचे स्टुडंट, आशाताई, अंगणवाडीताई, किंवा मंडळातल्याच कुणीतरी जिला बाकीच्यांनी "तूच सांग गं आम्हाला" म्हणून पुढे ढकललंय. मी महाराष्ट्रातल्या जैन आणि वारकरी मंडळींत काम केलंय म्हणून उदाहरणं तिथलीच. जनगणना २०११ प्रमाणे देशातले सगळ्यात जास्त जैन आपल्याच राज्यात, सुमारे १४ लाख, आणि माळकरी किती ते मोजायला गेलं तर गावंच्या गावं निघतील.

पहिली पायरी: नियम शिकून घ्या, आणि पुस्तकातून नाही तर त्यांच्याकडूनच

जायच्या आधी मंडळातल्या दोन बायकांना भेटा, एक साठीच्या पुढची आणि एक तिशीतली. दोघींची उत्तरं वेगळी येणार आणि ती वेगळी येतात हीच माहिती आहे. एक वही करा आणि त्यात नुसतं "काय खात नाही" असं लिहू नका, "कधी खात नाही" हेही लिहा, कारण बहुतेक नियम तिथीला बांधलेले असतात.

जैनांकडे साधारण काय ऐकायला मिळेल ते सांगते. कांदा लसूण बटाटा मुळा बीट रताळं ही कंदमुळं नाहीत, मध नाही, मशरूम नाही, रात्रीचं शिळं नाही (म्हणजे रात्रभर आंबवलेलं पीठसुद्धा कित्येक घरी नाही), आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. अष्टमी चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, कुणी पंचमी पण पाळतं, त्या दिवशी कुणी पिकलं केळं चालवतं कुणी चालवत नाही. चातुर्मासात पालेभाजी पूर्ण बंद करणारे खूप. द्विदलाचं म्हणाल तर काहींकडे दही किंवा ताक आधी गरम केलं की कडधान्यासोबत चालतं, काहींकडे तेही नाही. मग तप येतात: आयंबील म्हणजे दिवसातून एकदाच, बिनदुधा-तुपा-तेला-गुळाचं धान्य कडधान्य, आणि उकळलेलं पाणी, त्याची नऊ दिवसांची ओळी चैत्रात आणि अश्विनात. अठ्ठाई म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास. वर्षीतप एक दिवस आड उपवास करत जवळजवळ तेरा महिने चालतं आणि अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाने पारणं होतं. श्वेतांबर दिगंबर स्थानकवासी यांच्यात फरक आहेत, कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी बोलणारे दिगंबर जैन आणि पुण्यातले मारवाडी जैन यांचं स्वयंपाकघर एक नाही, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं बोलू नका.

वारकऱ्यांचं वेगळं. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस, मासे, अंडी, दारू सुटली, दूधदुभतं चालतं, महिन्याच्या दोन एकादश्या, आणि चातुर्मासात कांदा लसूण वांगी सोडणारे बरेच, म्हणूनच तर आषाढात कांदेनवमी दणक्यात होते. इथे नियम कमी आहेत पण घरात एकटाच माळकरी असणं हा वेगळाच प्रकार असतो. सासऱ्यांनी माळ घातलीय, बाकीचं घर मटण खातं, मग सासऱ्यांच्या ताटात काय? तर भाजीचा रस्सा आणि भात, त्यांच्यासाठी वेगळं काही शिजतच नाही. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि हो, वर्गाची तारीख काढताना पंचांग बघा. मी एकदा चतुर्दशीला पालेभाजीचा डेमो ठेवला होता. कुणी काही बोललं नाही, सगळ्या फक्त बघत बसल्या.

दुसरी पायरी: परवानगी, पण नावापुरती नको

स्थानकात किंवा उपाश्रयात जायचं तर तिथे चातुर्मासाला असलेल्या महाराज साहेबांना किंवा साध्वीजींना आधी भेटून काय बोलणार ते सांगा. वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहात बोलायचं तर कीर्तनकार महाराजांना भेटा. ते प्रवचनात एक वाक्य बोलले की "शरीर धड असेल तर साधना होईल, त्या ताईंचं ऐका", तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. मी कित्येक जण बघितलेत जे धर्मगुरूंना अडथळा समजून बगल देऊन जातात आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून कुरकुर करतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगा की आपण कुणाला अंडं खायला सांगायला आलेलो नाही. ही भीती खरी आहे हो, कारण कित्येकींना कुठल्यातरी दवाखान्यात "अंडी खा नाहीतर असंच होणार" हे ऐकवलेलं असतं आणि मग त्या परत तिथे जातच नाहीत. आपलं काम नियमाच्या आतली जागा शोधायचं आहे. आणि जागा भरपूर असते.

तिसरी पायरी: आधी कालचं जेवण विचारा, मग बोला

पहिल्या वर्गात भाषण नको. गोल बसवा आणि काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते सांगायला लावा, चहा धरून. मोजायला घरातलीच वाटी, पळी, चमचा घेऊन जा कारण "वाटीभर वरण" म्हणजे प्रत्येकीचं वेगळं असतं. ऐकताना तीन गोष्टींवर कान ठेवा. दूध दही खरंच किती जातं, डाळ किती घट्ट आहे, आणि शेवटचं जेवण किती वाजता.

दुधाची गंमत सांगते. "आमच्याकडे रोज दोन लिटर येतं" असं अभिमानाने सांगतात, पण ते दूध जातं कुठे? मुलांना, सासऱ्यांना, चहाला, आणि उरलेल्याचं साय काढून तूप. सांगणाऱ्या सूनबाईंच्या पोटात दोन कप चहातलं मिळून अर्धा कप दूध. आणि तूप म्हणजे दूध नव्हे, त्यात ना प्रोटीन ना कॅल्शियम ना बी-१२, नुसती चरबी, हे वाक्य मी प्रत्येक वर्गात बोलते आणि प्रत्येक वर्गात कुणीतरी दुखावतं.

डाळीचंही तेच. पाच माणसांच्या घरात एक वाटी कच्ची तूर शिजते, म्हणजे माणशी पंचवीस-तीस ग्रॅम, त्यातून प्रोटीन मिळतं सहा-सात ग्रॅम. आता आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोला ०.८३ ग्रॅम लागतं, आणि जेवण मुख्यतः धान्यावर असेल तर किलोला १ ग्रॅम धरायला सांगतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ते साठ. पोळी-भाकरी-भातातून वीस-पंचवीस येतं, राहिलेलं डाळ, दूध, दाण्यांतून यायला हवं. हे आकडे फळ्यावर लिहू नका पण. कच्च्या डाळीची एक मूठ प्रत्येकीच्या हातात द्या आणि सांगा की ही तुमची एका वेळची, दिवसातून अशा दोन हव्यात. मूठ लक्षात राहते, ग्रॅम राहत नाही.

चौथी पायरी: बी-१२, याच्यावर मात्र ठाण मांडा

एकाच विषयाला वेळ असेल तर तो हा. बी-१२ झाडं बनवत नाहीत, बॅक्टेरिया बनवतात, आणि शाकाहारी माणसाला ते भरवशाने मिळतं ते दूध-दही-पनीरमधून, किंवा वरून घातलेल्या पदार्थांतून, किंवा गोळीतून. बास. यादी संपली. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, आणि ते कागदावर बघितलं तर साधारण अर्धा लिटर दूध-दह्यातून निघतं. पण वर सांगितलं तसं अर्धा कप चहातलं दूध पिणारीला ते कुठून निघणार.

ही काही परदेशातून आलेली चिंता नाही. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या टीमने १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि ज्या आयांमध्ये बी-१२ कमी पण फॉलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड तेच) जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. म्हणजे गरोदरपणात नुसती फॉलिक ॲसिडची गोळी चालू आणि बी-१२ कडे कुणाचं लक्ष नाही, हे चित्र तपासायलाच हवं. फॉलिक ॲसिड बंद करायचं नाही हं, असा अर्थ काढून कुणी घरी जाऊ देऊ नका. बी-१२ पण बघा, एवढंच.

लक्षणं सांगताना घाबरवू नका पण नावं घ्या: हातापायाला मुंग्या, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटणं, तोल जाणं, जीभ लाल होऊन सोलणं, विसरभोळेपणा, जिना चढून धाप. म्हाताऱ्या माणसांत हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून देतात. जे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात किंवा वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेतात त्यांच्यात शोषण आणखी कमी होतं, आणि आपल्या मंडळांत हे दोन्ही घेणारे हात वर करायला सांगा, अर्धा हॉल वर होतो. शरीरात साठा काही वर्षं पुरतो त्यामुळे "मी दहा वर्षं दूध सोडलंय मला काही झालं नाही" याला अर्थ नाही, साठा संपताना आवाज होत नाही.

आणि तान्ह्या बाळाचं मात्र गंभीरपणे सांगा. आईमध्ये बी-१२ फारच कमी असेल आणि बाळ फक्त अंगावर असेल तर बाळ सुस्त होतं, मान धरायचं, हसायचं शिकलेलं विसरतं, कधी थरथरायला लागतं. असं बाळ दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे, वाट बघायची नाही. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, आई आणि बाळ दोघांना बी-१२ मिळायला हवं.

आता येणारे प्रश्न, हे शंभर टक्के येतात. "ताकात असतं ना?" असतं, पण आपलं ताक म्हणजे दोन चमचे दही आणि तांब्याभर पाणी. "इडली-ढोकळ्यात आंबवल्यामुळे तयार होतं ना?" भरवसा धरण्याएवढं नाही. "स्पिरुलिना?" त्यात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं. "भाजी न धुता खाल्ली तर?" कृपा करा, जंत होतील.

"गोळी शाकाहारी असते का?" हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि याचं उत्तर तुम्हाला यायलाच हवं. बी-१२ कारखान्यात बॅक्टेरियाच्या मदतीनेच बनतं, प्राण्यापासून काढत नाहीत. अडचण कॅप्सूलच्या कवचाची, ते जिलेटिनचं असलं तर प्राण्याचं. म्हणून साधी गोळी, थेंब किंवा व्हेज कॅप्सूल मागायला शिकवा. डी व्हिटॅमिनमध्ये डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून येतं, दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं पण मिळतं, आणि डी-२ चा पर्याय आहेच. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय असते पण औषधाच्या पाकिटावर तो सापडेलच असं नाही, केमिस्टला विचारायचं. बॅक्टेरियाने बनवलेलं चालतं का हे ज्यांना विचारायचंय त्यांनी महाराज साहेबांना विचारावं, तो निर्णय आपला नाही, आपण फक्त खरं काय ते सांगायचं. लपवून गोळी दिली आणि नंतर कळलं तर परत त्या दारात पाय ठेवता येणार नाही.

हल्ली तरुण मुलं दुधातली हिंसा बघून दूधही सोडतायत, व्हिगन होतायत. त्यांना घरचे ओरडतात, तुम्ही ओरडू नका. फक्त सरळ सांगा की आता बी-१२ ची गोळी ऐच्छिक राहिलेली नाही, आणि कॅल्शियमचा हिशेब नव्याने मांडायचा.

डोस आपण ठरवायचा नाही. रक्त तपासा, २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर, आणि मुंग्या-तोल वगैरे असेल तर आकडा थोडा बरा दिसला तरी डॉक्टर.

पाचवी पायरी: रक्त वाढवणं, पण तिथी सांभाळून

एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी होतं. हे फक्त शाकाहाराने होतं असं नाही, मांस खाणाऱ्या घरांतही आहे, आणि हे मुद्दाम सांगा म्हणजे मंडळींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही.

धान्य-भाजीतलं लोह शरीर नखरे करत घेतं. व्हिटॅमिन सी सोबत असलं तर पटकन, चहा-कॉफी सोबत असली तर बरंच कमी. त्यामुळे माझा पहिला सल्ला खाण्याचा नसतोच, जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला हा असतो, याला ना पैसा लागतो ना कुठला नियम आडवा येतो. दुसरा, वरणावर लिंबू पिळा, ताटात आवळा किंवा पेरू ठेवा. तिसरा, लोखंडी कढई परत काढा माळ्यावरून.

पालेभाजी चातुर्मासात बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवंच बंद, मग काय? मग कोरडं. अख्खी कडधान्यं, राजगिऱ्याचे दाणे, तीळ, अळीव, खारीक, बाजरी. मोड चालत नसतील तर नुसतं आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकून शिजवा, लोह अडवणारं फायटेट तेवढ्यानेही थोडं कमी होतं. मोड चालत असतील तर वारकऱ्यांच्या घरी बिनधास्त सांगा, मटकीची उसळ आहेच. तिथीच्या दिवशी ताजं लिंबू नसेल तर वाळवलेला आवळा घरच्या नियमात बसतो का ते विचारा, नाही बसला तर त्या दिवशी चहाचं तेवढं सांभाळा. महिन्यातले चार-सहा दिवस कमी पडले तर आभाळ कोसळत नाही, उरलेल्या चोवीस दिवसांत काय होतंय ते बघा. खरं तर सगळ्या तपांबद्दल माझं हेच मत आहे: नऊ दिवसांच्या आयंबीलमध्ये निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते वर्षभर चहा-खारी आणि पातळ वरणाने.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका हे सांगा, मध्ये दोन तास तरी हवेत.

सहावी पायरी: एकादशी

एकादशी अन् दुप्पट खाशी! ही म्हण आपणच काढलीय, बाहेरून कुणी नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्याला प्रोटीन देतो तो दाण्याचा कूट, आणि खिचडीत कूट घालताना हात आखडतो. वर्गात मी दोन ताटं मांडते. एकात साबुदाणा खिचडी, बटाट्याचे वेफर्स, चहा. दुसऱ्यात भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, वाटीभर दही, एक फळ. दोन्ही उपवासाचीच, एकही पदार्थ नवा नाही. मग विचारते की कुठलं खाऊन दुपारी शेतात काम होईल, आणि उत्तर त्याच देतात. (कुठे भगर म्हणतात कुठे वरी, तिथला शब्द वापरा, नाहीतर त्यावरच दहा मिनिटं जातात.)

मधुमेह असलेल्या माळकऱ्याला मात्र वेगळं बाजूला घेऊन बोला. इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या घेऊन कडक उपवास केला तर साखर एकदम खाली जाते, घाम थरथर चक्कर, आणि आजूबाजूचे म्हणतात उपवासाने आलं असेल. उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. आळंदी ते पंढरपूर चालत जाणाऱ्यांनी तर औषधांची चिठ्ठी आणि खडीसाखर खिशात ठेवूनच निघायचं.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: सैंधव. उपवासापुरतं ठीक, पण हल्ली आरोग्याचं म्हणून घरात रोजच तेच वापरतात आणि आयोडीनचं मीठ बाद होतं. आधीच मासे नाहीत, दूध कमी, त्यात आयोडीन पण गेलं. रोजच्या डब्यात आयोडीनयुक्तच ठेवा.

सातवी पायरी: सूर्यास्त आणि घड्याळ

हिवाळ्यात सहा वाजता सूर्य मावळतो आणि नोकरी करणारी सून सातला घरी येते. चोविहार पाळते, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही की पाणी नाही, मग दुपारचा एकचा डबा हे तिचं शेवटचं धड जेवण, त्यात सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं थांबायचं, मग गडबडीत नाश्ता पण राहतो. हिला "प्रोटीन वाढवा" सांगून काय उपयोग? हिला दुसरा डबा लागतो. साडेचार-पाचला ऑफिसात खायचा, आणि त्यात बिस्किटं नाहीत तर मुगाचं धिरडं, पनीर घातलेला पराठा, भिजवून उकडलेले चणे असं काहीतरी.

औषधांचंही घड्याळ असतं. डॉक्टर लिहितात "रात्री जेवणानंतर" आणि बाई ती गोळी घेतच नाही कारण रात्री पाणीही बंद, आणि डॉक्टरांना सांगायला संकोच. वर्गात सगळ्यांकडून म्हणून घ्या: "डॉक्टर, मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, वेळ बदलून द्या." खरंच मोठ्याने म्हणून घ्या, पाठ करून. बहुतेक वेळा डॉक्टर बदलून देतात, आणि नाही बदलता आली तर तसं कळतं तरी.

आठवी पायरी: साधू-साध्वी

इथे नवीन लोक हमखास चुकतात, डाएट चार्ट करून घेऊन जातात. साध्वीजींसाठी खास काही शिजवलेलं त्यांना चालत नाही, त्या गोचरीला (घरोघरी आहार घ्यायला) येतात तेव्हा घरात आपल्यासाठी जे केलंय त्यातलं थोडं घेतात. दिगंबर मुनी तर दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. मग करायचं काय? चार्ट त्यांना द्यायचा नाही, कॉलनीच्या स्वयंपाकघरांत बदल करायचा. घराघरांत रोजचं वरण घट्ट झालं, दही लागायला लागलं, जवसाची चटणी ताटात आली (जवस भाजून कुटलेलाच, अख्खा तसाच बाहेर जातो) तर ते आपोआप पात्रात जाईल. गोळ्या-औषधांबद्दल त्यांच्या संघाच्या डॉक्टरांशी बोला.

लांबच्या तपाचं पारणं पण याच चर्चेत काढा. आठ किंवा तीस दिवसांनंतर पहिल्याच दिवशी गोडधोड भरवणं धोक्याचं आहे, बरेच दिवस उपाशी शरीरात एकदम साखर गेली की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपकन खाली येतात आणि हृदयावर येऊ शकतं. मुगाचं पाणी, पातळ राब (पिठाची पेज), थोडं थोडं, दोन-तीन दिवस हळूहळू, आणि लांबचं तप असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली. जुन्या बायकांना हे आधीपासून ठाऊक असतं, गडबड करतात ते कौतुकाने आलेले पाहुणे. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, किडनीचे पेशंट, लहान मुलं यांच्या लांब उपवासाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, साध्वीजींनाच सांगायची विनंती करते. त्यांनी "तू नवकारशी कर, तेवढं पुरे" म्हटलं की ती बाई ऐकते.

शेवटची पायरी: परत जा

एका वर्गाने काही होत नाही. पहिल्या वर्गात फक्त तीन गोष्टी द्या, माझ्या ठरलेल्या आहेत: डाळीची मूठ, चहा लांब, बी-१२ ची तपासणी. कॅल्शियम (नाचणी, तीळ, दूध), डी, तेल, साखर हे सगळं पुढच्या खेपेला. डेमो करायचा तर भांडी त्यांचीच वापरा, आपल्या घरची आणू नका, आणि पाणी गाळून घ्या, विचारायच्या आधीच. सूर्यास्ताच्या तासभर आधी सगळं आवरलेलं हवं, म्हणजे केलेलं खायला वेळ राहतो.

तीन महिन्यांनी परत जाल तेव्हा वजनकाटा काढू नका, बायका येणार नाहीत. विचारा की रिपोर्ट कुणी कुणी काढले, गोळी कुणी सुरू केली आणि कुणी सोडली, सोडली तर का. माझ्याकडे सोडण्याचं सगळ्यात जास्त आलेलं कारण "बरं वाटायला लागलं" हे आहे, दुसरं "संपली मग आणली नाही". मग मंडळातल्याच एकीला जबाबदारी द्या, दर पौर्णिमेला व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकायचा. तारीख सांगितली तर विसरतात, पौर्णिमा कुणी विसरत नाही.